साहेब येणार आहेत

"तुम्ही येता ना मॅडम, त्या दिवशी तो पण शहाण्यासारखा बसतो आणि मी पण."

छत्री उघडता उघडता ती हे सहज बोलून गेली. त्यात तक्रार नव्हती आणि ओशाळलेपणही नव्हतं. आषाढातली दुपार होती. पागोळ्या पडवीच्या कडेला धो धो गळत होत्या, दोरीवर टाकलेल्या ओल्या कपड्यांचा कुबट वास घरभर भरला होता आणि रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी "बरं, येते" म्हणून निघाले. रिक्षाच्या ताडपत्रीच्या फटीतून पाणी गुडघ्यावर ठिबकत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. कुडाळ येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. माझं कामच मुळी थेरपिस्ट मुलींचं काम बघण्याचं. मी बघते तेव्हाच ते नीट होत असेल, तर मी नक्की काय बघते आहे?

ती बावीस-तेवीस वर्षांची. शेजारच्या वाडीतली, बीए झालेली, स्कूटीवरून घरोघरी जाऊन स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना शिकवते. पद्धत अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिसची, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातली एबीए. मुलाच्या एखाद्या वागण्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं ते बारकाईने बघायचं, मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडायचं, पायरी जमली की लगेच मुलाला आवडणारं काहीतरी द्यायचं आणि हे सगळं रोजच्या रोज कागदावर उतरवायचं. बाबू सहा वर्षांचा. बोलणं नाहीच म्हटलं तरी चालेल, पण घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या कोनाड्यात आहे हे त्याला आजीपेक्षा जास्त ठाऊक. आई-वडील गोव्यात कामाला, तो आजीजवळ. महिन्यातून एक-दोनदा मी जाते, मधे आठवड्याला फोनवर व्हिडिओ, तोही मोबाइलचा टॉवर पावसात तग धरून असेल तर.

त्या रात्री फाइल उघडून बसले. रोज बाबूची किती उत्तरं बरोबर आली त्याच्या आलेखावर मी गेले होते त्या तारखांचे ठिपके वर आणि मधल्या सगळ्या तारखा खाली, दर वेळी तसंच. ती म्हणाली ते अगदी खरं होतं. पण मला त्यात दुसरंच काहीतरी दिसत होतं. या मुलीला खोटं लिहायचं असतं, तर तिने मधले ठिपकेही वरच काढले असते. कोण विचारणार होतं? खालचे ठिपके तिने प्रामाणिकपणे खालीच काढले होते.

माझे बाबा देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. "साहेब येणार आहेत" हा निरोप एसटीच्या कंडक्टरकडून यायचा आणि शाळेत लगीनघाई सुरू व्हायची. एरवी कपाटात कुलूपबंद असलेला पृथ्वीचा गोल बाहेर निघायचा. तक्ते झटकून भिंतीवर लागायचे, त्यांच्यातून झुरळं पळायची. पाढे घडाघडा म्हणणारी पोरं पहिल्या रांगेत यायची आणि ज्याला जोडाक्षर आलं की घाम फुटायचा, त्याला त्या दिवशी घरी थांबायची मुभा मिळायची. शाळेमागच्या माडावरून शहाळी उतरवलेली असायची. आमच्या घरी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं व्हायचं. साहेब यायचे, गोल फिरवून बघायचे, एक मुलगा उभा राहायचा, तो सतराचा पाढा म्हणायचा. मग शेरेबुकात वळणदार अक्षरात शेरा पडायचा, 'शाळा स्वच्छ, मुलांची प्रगती समाधानकारक' अशा थाटाचा. दुसऱ्या दिवशी गोल कपाटात.

बाबा चांगले शिक्षक होते, अजूनही त्यांचे विद्यार्थी वाटेत भेटले की पाया पडतात. म्हणून तर मला ते सगळं विचित्र वाटायचं. चांगल्या शिक्षकालाही साहेबांसाठी वेगळी शाळा मांडावी लागायची, साहेबांनाही ते माहीत असायचं, आणि बाबांनाही माहीत असायचं की साहेबांना माहीत आहे. तरी दोघेही आपापलं काम अगदी गंभीरपणे पार पाडायचे.

आता त्या शेरेबुकाच्या दुसऱ्या बाजूला मी बसते.

आणि त्या थेरपिस्ट मुलीने आजवर बघितलेला सुपरवायझर कोण, तर तिच्या आईचा. आई काजू फॅक्टरीत जाते. संध्याकाळी वजनकाट्यापुढे रांग. अख्खा गर किती, पाकळी किती, तुकडा किती. तुकडा जास्त निघाला की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलणार. बी कटरमध्ये कशी धरली की गर अख्खा निघतो, चिकाने बोटं भाजू नयेत म्हणून तेल कधी लावायचं आणि राख कधी, यातलं काही तो सांगणार नाही. ते शेजारच्या बाईकडे तिरक्या नजरेने बघून शिकायचं. लहानपणी सुट्टीत आईबरोबर जाऊन बसायची तेव्हा ती हे रोज बघायची. मी पहिल्यांदा हातात वही-पेन घेऊन बाबूच्या पडवीत कोपऱ्यात बसले, तेव्हा तिच्या मानेवरचा घाम नुसता उकाड्याचा नव्हता.

हे माझ्या एकटीच्या पडवीतलं दुखणं नाही, यावर संशोधन झालेलं आहे. समोर कोणी बघत असलं की माणसाचं काम बदलतं, याला आमच्या शास्त्रात रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. ब्रॅकेट, रीड आणि ग्रीन यांनी २००७ मध्ये, अपंग व्यक्तींना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम दोन तऱ्हेने पाहिलं होतं. एकदा निरीक्षक उघड उघड समोर, एकदा लक्षात येणार नाही अशा बेताने. उघड बघितलं तेव्हा काम सुधारलेलं दिसलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९७७ मध्ये, स्टोक्स आणि बेअर या दोघांनी शिकवणाऱ्यांची एक सवय नेमकी पकडली होती. एका जागी शिकवायचं आणि बाकी सगळीकडे ते आपोआप उतरेल अशी आस धरून बसायचं. 'ट्रेन अँड होप' असं त्यांनी तिला म्हटलं. शिकणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, पण थेरपिस्टच्या प्रशिक्षणालाही ते तितकंच लागू पडतं. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-बिस्किट, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, आणि मग आस.

शहरात बसून व्हिडिओवर आमच्या केसेस बघणाऱ्या एका वरिष्ठ बाईंना मी तो आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "थेरपिस्टचं मोटिव्हेशन कमी दिसतंय. जरा बोला तिच्याशी." मला राग आला. राग यासाठी की आम्ही मुलाच्या बाबतीत असं कधीच म्हणत नाही. मूल उठून गेलं तर 'त्याला शिकायचंच नाहीये' असं लिहिणाऱ्या मुलीला आम्हीच थांबवतो, आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते लिही म्हणतो. मग तीच शिस्त शिकवणाऱ्या मुलीच्या बाबतीत कुठे जाते? तिचं मन, तिची वृत्ती, तिची इच्छा, हे शब्द बोलायला फार सोपे असतात, आणि ते एकदा बोलले की पुढे काही शोधायला लागत नाही.

शोधण्यासाठी एक प्रश्नावली आहे. कार, वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेली, परफॉर्मन्स डायग्नॉस्टिक चेकलिस्ट, आमच्यासारख्या सेवाक्षेत्रासाठी बेतलेली. तिच्यात माणसाच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. चारच दिशांनी विचारते. प्रशिक्षण दिलंय का, काम नेमकं काय आणि कधी करायचं ते स्पष्ट आहे का, साधनं आणि सोयी आहेत का, आणि काम केल्या-न केल्याने पुढे काही फरक पडतो का, की ते फार कष्टाचं आहे किंवा दुसरं काही आड येतंय. त्यांनी ती एका ऑटिझम केंद्रात वापरून पाहिली तेव्हा प्रश्न होता थेरपीच्या खोल्या नीट आवरल्या न जाण्याचा. माणूस पटकन म्हणेल, पाटी लावा, झाडू-फडकी जवळ ठेवा. प्रश्नावलीने बोट ठेवलं दुसरीकडे, प्रशिक्षण आणि आलेखासकट अभिप्राय याकडे. तेच केल्यावर खोल्या आवरल्या जाऊ लागल्या. पाटीने आणि फडक्यांनी नाही. मला हे फार आवडतं, कारण आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर पहिला इलाज पाटीच असतो.

पुढच्या भेटीत मी वही पिशवीतच ठेवली आणि प्रश्न विचारत बसले. प्रशिक्षण झालं होतं. काम स्पष्ट होतं, पायऱ्यांचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला लावला होता. साधनं? "आहेत की," म्हणाली आणि स्टीलचा डबा पुढे केला. बाबूला केळ्याचे वेफर्स जीव की प्राण. नखाएवढा तुकडा करून द्यायचा, तो आधी कानाजवळ नेऊन मोडतो, कट्ट आवाज ऐकतो, हसतो, मग खातो. मी डब्यातला एक तुकडा उचलला. तो मोडलाच नाही, नुसता वाकला. पूर्ण सादळलेला. आठवड्यापूर्वी फोडलेलं पाकीट, झाकण सैल, आणि आषाढात कोकणात पापडसुद्धा तासाभरात मान टाकतो. बाबूला वेफर्स खायचे नसायचेच, त्याला तो आवाज हवा असायचा. आवाज गेला की त्याच्या लेखी मोबदलाच गेला. मग तो कशाला चित्रं ओळखत बसेल?

"आणि मी येते तेव्हा?"

ती थोडी गोंधळली. "तेव्हा नवीन पाकीट आणते ना मॅडम. दुकानातून, येताना." स्वतःच्या पैशांनी. रोज नवं पाकीट परवडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पैसे मागायचे कोणाकडे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एकदम बाबांच्या कपाटातला पृथ्वीचा गोल आला. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. घट्ट झाकणाची बरणी आली आणि पाकिटांचा खर्च कुटुंबाच्या फीमधून वेगळा काढून तिच्या हातात आगाऊ द्यायचं ठरलं. मोटिव्हेशनची गोष्ट तिथे संपली. निदान अर्धी.

अर्धी, कारण मधल्या दिवसांचे ठिपके वर सरकले तरी माझ्या भेटीचे ठिपके त्यांच्याही वर राहिले. म्हणून तिची आणि आजीची परवानगी घेऊन मी चित्रीकरण केलं आणि ते घरी सावकाश, पुन्हा पुन्हा मागे नेत बघितलं. समोर तीन चित्रं, कप, चमचा, चप्पल. ती म्हणते, "कप दे." आणि शब्द संपायच्या आत तिचे डोळे कपाकडे जातात. पापणी लवते न लवते इतकाच वेळ. बाबू चित्रांकडे बघतच नव्हता, तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. आणि मी समोर असताना तो बरोबर यावा ही तिची इतकी इच्छा असायची, की डोळे हटकून कपाकडे वळायचे. म्हणजे मी ज्या उंच ठिपक्यांवर खूश व्हायचे, त्यांतले बरेचसे पोकळ होते. बाबूला कप कळत नव्हता, माणूस कळत होता. तसं पाहिलं तर हेही काही कमी नाही, पण नोंदवहीत त्याला रकाना नव्हता.

'डोळे हलवू नकोस' असं सांगून हे सुटत नाही. सांगून काहीच सुटत नाही, हे या शास्त्रातलं सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात दुर्लक्षित सत्य आहे. बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग म्हणून जी पद्धत वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून पक्की झाली आहे, ती म्हणते की सांगा, करून दाखवा, करायला लावा, लगेच सांगा कसं झालं, आणि जमेपर्यंत पुन्हा करा. पार्सन्स, रॉलिसन आणि रीड यांनी २०१२ मध्ये ती कामावरच्या माणसांसाठी सुटसुटीत लिहून काढली, त्यात एक पायरी अशीही आहे की जे सांगितलं ते थोडक्यात लिहून हातात द्या. यातली शेवटची अट, जमेपर्यंत, तीच नेमकी सगळीकडे गाळली जाते. वेळ खाते म्हणून. आम्ही पडवीत बसलो, मी बाबू झाले. ती "चमचा दे" म्हणाली आणि तिचे डोळे चमच्याकडे गेले, मी चमचा उचलला. "चप्पल दे", पुन्हा तेच. चौथ्या खेपेला तिने स्वतःच कपाळावर हात मारला. "अगो बाय, मीच सांगतंय तेका!" मग युक्ती तिनेच काढली. बाबूच्या डोक्यामागे भिंतीवर कालनिर्णय आहे, शब्द उच्चारताना आजच्या तारखेकडे बघायचं. आजी दारात तांदूळ निवडत हा सगळा खेळ बघत होती. माझ्याएवढी बाई मांडी घालून चित्रं उचलते आहे याची तिला भारी गंमत वाटत होती.

त्यानंतर आठवडाभर आलेख पार कोसळला. हे होणारच होतं, आधार काढला की होतंच, पण ती रडकुंडीला आली. अशा वेळी काय बोलायचं, हा सुपरव्हिजनमधला माझ्या लेखी सगळ्यात अवघड भाग. पुस्तकी सल्ला सॅन्डविचचा असतो, आधी कौतुक, मधे चूक, वर पुन्हा कौतुक. २०१५ मध्ये हेन्ली आणि डिजेनारो रीड यांनी तो क्रम तपासून पाहिला, तेव्हा तो इतर क्रमांपेक्षा काही सरस ठरला नाही. ठरणार तरी कसा? दोनदा ते ऐकलं की तिसऱ्या वेळी कौतुकाचा पहिला शब्द कानावर पडताच माणूस मधल्या तडाख्याची वाट बघत बसतो. त्यातून आमच्याकडे कौतुकाचा मुळात दुष्काळ. सिंधुदुर्गात 'बरां असा' म्हणजे कळस झाला, त्यापुढे काही बोललं तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला काहीतरी उसनं हवंय. चुकीचं सांगणं मात्र तिरकस, चारचौघांत आणि अगदी मुरलेलं. म्हणून मी आता कौतुक असं करतच नाही. जे घडलं तेच सांगते. "बारा वेळा विचारलंस, अकरा वेळा डोळे कॅलेंडरवर होते. बाराव्या वेळी बाहेर कोंबडा ओरडला." ती हसते. आकडा तिला खरा वाटतो, शब्दावर तिचा विश्वास नसतो.

पुढे मी दुसऱ्या गावातल्या एका थेरपिस्टला आणि तिला एकमेकींच्या चित्रफिती दिल्या, अर्थात घरच्यांना विचारून. निरीक्षणाचा कागद तोच, रकाने तेच, गुण द्यायचे. अल्वेरो आणि ऑस्टिन यांचा २००४ चा एक प्रयोग मला यासाठी फार जवळचा वाटतो. त्यांनी माणसांना दुसऱ्यांचं काम निरखून सुरक्षिततेच्या यादीवर खुणा करायला लावल्या, तर निरखणाऱ्यांचीच उठण्या-बसण्याची, वजन उचलण्याची रीत सुधारली. इथे तेच झालं. दुसरीचे डोळे पकडायला लागल्यापासून हिचे डोळे जागेवर राहू लागले. एकीचं चुकतं ते दुसरीला दिसतं, आणि दोघींनाही साहेब लागत नाही. शिवाय एकच चित्रफीत दोघींनी वेगवेगळी तपासायची आणि खुणा किती जुळतात ते मोजायचं. शंभरात निदान ऐंशी जुळायला हव्यात असा आमच्यात रिवाज आहे. पहिल्यांदा कशाच जुळेनात. एकीच्या मते मुलाने चित्राला नुसता हात लावला तरी बरोबर, दुसरीच्या मते ते उचलून हातात दिलं तरच. मग भांडण, मग व्याख्या, मग पुन्हा मोजणी. भांडणात मला मुद्दाम पडू दिलं नाही त्यांनी.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि वेळेची गोष्ट निघाली की मला कोणाकडे बोट दाखवावं तेच कळत नाही. एबीए करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाचा नियम असा की नोंदणीकृत तंत्रज्ञाने, म्हणजे तिच्यासारखं काम करणाऱ्याने, आधी ४० तासांचं प्रशिक्षण घ्यावं, आणि पुढे महिन्यात जितके तास काम करेल त्याच्या किमान ५ टक्के तास सुपरव्हिजन मिळावी. ८० तासांना ४ तास. कागदावर किती थोडं वाटतं! पण ते चार तास गाठायला कुडाळहून निघून, एसटी पकडून, तिठ्यावर उतरून, रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर पायी, असा माझा दिवस जातो. त्यातही गंमत म्हणजे त्याच मंडळाने २०१९ मध्ये जाहीर केलं आणि १ जानेवारी २०२३ पासून मोजके देश सोडून बाकी जगाचे नवे अर्ज घेणं बंद केलं. त्या मोजक्यांत आपण नाही. ज्या मुलींनी इंग्रजीशी झटापट करत तयारी चालवली होती, त्यांच्यासाठी तो दरवाजा बंद. आपल्याकडे पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ चा, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा आणि त्यात स्वमग्नता स्पष्ट नावानिशी आहे. पण वाडीवर स्कूटीने फिरणाऱ्या मुलीकडे महिन्याला किती वेळ कोणी बघावं, काय बघावं, हे तिला विचारलंत तर ती मॅडम येतील तेव्हा, एवढंच सांगेल.

आणि एक बोच आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पद्धतीचं मी एवढं गुणगान करते तिच्या भूतकाळात मारही आहे. मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं होतं आणि त्यांतली ९ मुलं इतर मुलांच्या बरोबरीला आली असं सांगितलं गेलं. त्या शिकवण्यात मोठ्याने दरडावणं होतं आणि मांडीवर चापटही होती. आता मोठी झालेली स्वमग्न माणसं सांगतात की आम्हाला शहाण्यासारखं बसायला शिकवलं गेलं, पण आत काय होतंय ते कोणी विचारलं नाही. हे वाचल्यापासून 'शहाण्यासारखा बसतो' हे शब्द मला जड जातात. मूल बसतं, पण ते बसायला तयार आहे का? आमच्या निरीक्षणाच्या कागदावर म्हणून दोन ओळी वाढवल्या आहेत. मूल स्वतःहून जवळ आलं का? उठून गेलं तर जाऊ दिलं का? पहिल्यांदा हे वाचून ती म्हणाली, "जाऊ दिलं तर शिकवणार कधी?" प्रश्न रास्त होता. बाबू उठून न्हाणीघराकडे जायचा, तांब्यातून पाणी ओतत बसायचा, ती त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. शेवटी कप-चमच्याचा धडा न्हाणीतच हलला. तांब्या दे, बादली दे. तिथे तो उठून जात नाही.

पाण्यावरून आजी बोलली ते मात्र वेगळंच होतं. मी कागद वाचून दाखवत होते, या तिमाहीत काय काय शिकवायचं त्याची यादी. रंग, आकार, चित्रांच्या जोड्या. ती सुपातले खडे वेचत ऐकत होती. मग म्हणाली, "रंग मगे शिकवा गे. आधी तेका बावीकडसून परत फिराक शिकवा."

घरामागे दहा-बारा पावलांवर विहीर. जांभ्याच्या चिऱ्यांची, कठडा गुडघाभर, तोही एका बाजूला ढासळलेला. पावसात पाणी काठोकाठ. आजी रोज दुपारी एक डोळा उघडा ठेवून लवंडते. स्वमग्न मुलं घरातून निसटतात तेव्हा पाणी हा त्यांच्या जिवाला फार मोठा धोका असतो, हे परदेशातल्या आकडेवारीतही दिसलं आहे. याच शास्त्रातल्या मॉन्ट्रोज वुल्फ यांनी १९७८ मध्येच बजावलं होतं की आपण निवडलेलं उद्दिष्ट, आपली रीत आणि आपला परिणाम त्या माणसांना मोलाचा वाटतो का, हे त्या माणसांनाच विचारलं पाहिजे. विचारायच्या आधीच आजीने सांगून टाकलं. यादी बदलली. सर्वांत वर 'थांब' म्हटल्यावर थांबणं आणि परत येणं, आणि शिकवायची कोणी, तर ज्या घरात चोवीस तास असतात त्यांनी. म्हणून या वेळी थेरपिस्ट मुलगीच आजीची सुपरवायझर झाली. सांगितलं, करून दाखवलं, आजीला करायला लावलं. सराव खळ्यात, विहिरीपासून लांब. आजी आता नोंदींचा कागद रोज मोठ्याने वाचून घेते आणि पटलं नाही तर हटकते. "काल थांबललो तो. तू भोपळो कित्याक घातलंस?" यावर दोघींची सविस्तर वादावादी होते. हाक मारल्यापासून किती पावलांत थांबला म्हणजे थांबला, हे अजून पुरतं मिटलेलं नाही.

पण शिकवण्याच्याही आधी विहिरीवर जाळी हवी, यावर मी अडून बसले. मुलाने थांबायला शिकावं म्हणून विहीर उघडी ठेवता येत नाही. इथे घोडं पेंड खायला लागलं. "सामायकातली बाव," आजी म्हणाली, "हात लावलंय तर चार जणां बोलतली." चार हिस्सेदार, त्यांतले तीन मुंबईत, गणपतीला येणार, तेव्हा बोलू. गणपतीला अजून महिन्यावर वेळ. तोवर वाटेवर चिव्याचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, घातलं आणि त्याला वरून कडी. प्रश्नावली माझ्या पिशवीत होतीच. थेरपिस्ट मुलीने ती ओढून घेतली, 'साधनं उपलब्ध आहेत का' यापुढे 'नाहीत' लिहिलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'काका गणपतीत येणार.'

मी थोरल्या काकांचा नंबर मागितला. आजी नको नको म्हणत होती, तरी लावला. पलीकडे लोकलचा आवाज. मुलाचं, विहिरीचं, जाळीचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "तुम्ही कोण म्हणालात?" सुपरवायझर, मी म्हणाले. "कसल्या?" नीट सांगायला निम्मं स्टेशन गेलं. शेवटी म्हणाले, माझी हरकत नाही, बाकीच्या दोघांशी मी बोलतो, पण आधी कोटेशन पाठवा. कुडाळच्या एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला म्हणाला, तोंडाचं माप द्या, त्याशिवाय कसलं कोटेशन. पाऊस जरा उघडला होता. ती शिवणाची टेप घेऊन गेली, एक टोक आजीने धरलं, बाबूला मी कडेवर घेतलं. तिने माप वाचलं, मग टेप आजीकडे दिली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा घेतलं. दोन मापांत चार इंचांचा फरक. "तुझा चुकला," आजी म्हणाली. "नाय, तुमचा हात सैल पडलो," ती म्हणाली. मी दोघींना पुन्हा मोजायला लावलं.